याडीचं उत्तर

माझ्या भावाचं ते गाणं तुम्ही ऐकलंच असेल. नसेल ऐकलं तर तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहत नाही, किंवा कानात बोळे घालून राहता. उसाच्या ट्रॅक्टरवर ते वाजतं, महागावच्या बाजारात कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या असल्या की वाजतं, पुसदच्या बसस्टँडसमोरच्या रसवंतीवर वाजतं. सुरुवातीला एक बाई रडते. थोडी सुरात, थोडी बेसूर, मध्येच श्वास तुटतो. मग ढोलक पडतं, मग की-बोर्ड येतो, आणि मग माझा भाऊ आपल्या जाड, ओलसर आवाजात सुरू होतो. ती सुरुवातीची बाई कोण, असं लोक विचारत असतात. कमेंटमध्ये एकानं लिहिलंय की ती मुंबईची कुणी आर्टिस्ट आहे. दुसऱ्यानं लिहिलंय की ती मेली, आणि तिच्याच दुःखात गायकानं हे गाणं केलं.

मेलेली नाही. मारेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते, आणि आज रविवार असल्यामुळे हे लिहायला बसली आहे.

आमचा तांडा महागावच्या पुढे. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता सगळे कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवतात आणि फिरतात ते फक्त मोटारसायकलवर. घरात आम्ही गोर बोलीच बोलतो. ती सगळ्यांना कळणार नाही म्हणून इथं बोलणी वऱ्हाडीत लिहिते, तीही आमच्या तोंडात तितकीच बसलेली आहे. आईला मात्र याडीच म्हणणार. तिला आई म्हणून मी जन्मात हाक मारलेली नाही, आणि तुमच्या सोयीसाठी आता मारणार नाही.

आमच्याकडे नवरीनं नुसतं रडून भागत नाही. तिला गाऊन रडावं लागतं. त्याला ढावलो म्हणतात. नवरी एकेका बाईच्या गळ्यात पडते आणि तिच्याशी असलेलं जे काही असेल ते सुरात सांगते. तक्रार तर करायचीच असते. केली नाही तर बाया म्हणतात, पोरीला माहेराचं काही पडलेलं नाही, कोरडीच चालली. आमच्या तांड्यात याला दोन नियम होते. पहिला असा की जिच्या गळ्यात नवरी पडली, तिनं गाऊनच उत्तर द्यायचं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय मिठी सुटत नाही. दुसरा असा की मांडवात बोललेलं मांडवातच ठेवायचं. ते घरात उकरायचं नाही, त्याचा राग धरायचा नाही. किती तरी सासवा-सुना, जावा-जावा वर्षानुवर्षांचं वैर तिथं ओकून मोकळ्या झालेल्या मी पाहिल्यात.

हे शिकवायचं काम याडीचं होतं. तांड्यातल्या कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की ती आमच्या ओसरीवर येऊन बसायची. याडी तुरी निवडता निवडता तिला सूर धरायला लावायची. "गळा दाबू नको, पोटातून काढ," असं म्हणायची. कुठं थांबायचं, श्वास कुठं तुटू द्यायचा, हे सगळं तिनं शिकवलेलं. मी डी.एड. झालेली, पुस्तकं वाचणारी, मला या सगळ्याची लाज वाटायची. तरी माझं लग्न ठरल्यावर मीही तुरी निवडत तिच्यासमोर बसलेच.

लग्न ठरवलं मोठ्या भावानं. बाप आधीच गेलेला, त्यामुळे तो घरातला कारभारी झाला होता. त्यानं स्थळ पाहिलं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि होकार देऊन आला. याडीनं नवरदेव पाहिला तो थेट मांडवात. नवरा चांगला निघाला, ते त्याचं स्वतःचं कर्तृत्व आहे, माझ्या भावाचं त्यात काही नाही.

तर मांडवात मी याडीच्या गळ्यात पडले आणि गायले. अर्थ असा होता: भावासाठी तुझी मांडी होती, माझ्यासाठी उंबरठा. म्हैस विकायची तरी माणूस चारदा गिऱ्हाईक पाहतो, माझ्या वेळी तू डोळे मिटून घेतलेस. इतक्या लांब दिलंस की तिथला पाऊससुद्धा आपला नाही. अर्ध्या ओळी याडीनंच शिकवलेल्या, म्हशीची ओळ माझी. बाया हुंदके देऊ लागल्या. चांगली जमली असणार.

मग याडीनं उत्तर दिलं. ते काय होतं, हे मला आठवत नाही. माझं नाक चोंदलेलं, कानात दडे बसलेले, आणि आजूबाजूला सगळ्या बायांचा एकच सूर. तिच्या बांगड्या पाठीत टोचत होत्या एवढं आठवतं. आणि तिनं हात सैल केले, तेव्हा छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं हे आठवतं. तेव्हा वाटलं नाही की लक्षात ठेवायला हवं. उत्तर मिळालं होतं, विषय संपला होता.

त्यानंतर भावाची पाळी. भावाच्या गळ्यात पडूनही ढावलो म्हणायचा असतो, आणि त्याच्यासाठी मी बऱ्याच ओळी तयार ठेवल्या होत्या. पण भाऊ मघापासूनचं सगळं रेकॉर्ड करत समोर मोबाइल धरून उभा. तेव्हा तांड्यात तसा मोबाइल त्याच्या एकट्याकडेच, मेमरी कार्डवाला. "हात गुंतून हायेत माहे, तू चाल पुढं," म्हणाला. त्याच्या ओळी माझ्या तोंडातच राहिल्या, आणि मी जीपमध्ये जाऊन बसले.

माझा भाऊ गातो चांगलं. हे मला मान्य करावं लागतं आणि त्याचा मला रागही येतो. लहानपणी होळीच्या लेंगी गाण्यांत त्याचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. बारावीत दोनदा आपटला आणि पुसदच्या एका बँडमध्ये की-बोर्ड उचलायला लागला. मग वाजवायला लागला, मग गायला. वऱ्हाड जेवत असताना सिनेमाची गाणी गाणारा जो एक माणूस असतो, ज्याच्याकडे कुणी पाहत नाही, तो माणूस माझा भाऊ होता. बरीच वर्षं तो तेच करत होता. लग्न झालेलं, दोन मुली झालेल्या, आणि कुणी विचारत नव्हतं. त्या काळात मला त्याची दया यायची, ती दया वाया गेली.

पुसदला एका मोबाइल दुकानाच्या माडीवर स्टुडिओ निघाला. तिथल्या माणसानं त्याला सांगितलं की आता दर्दभरी गाणी चालतात. भावाकडे दर्द कुठला असणार. त्याचं सगळं नीट चाललेलं, याडी भाकरी करून वाढत होती. मग त्याला ते मेमरी कार्ड आठवलं. आयत्या बिळावर नागोबा जाऊन बसतो, तसा हा माझ्या रडण्यावर जाऊन बसला. माझा आवाज सुरुवातीला लावला, माझ्याच ओळी हिंदी-मराठी करून पुढे गायला, आणि याडीचं उत्तर कापून टाकलं.

गाणं वणव्यासारखं पसरलं. मला कळलं ते शाळेच्या स्नेहसंमेलनात. पाचवीच्या मुली ओढण्या घेऊन मंचावर आल्या, स्पीकर सुरू झाला, आणि मी स्वतःला रडताना ऐकलं. माझ्या शेजारी मुख्याध्यापक मांडीवर ताल धरून बसले होते. मुलींनी डोळ्यांवर हात ठेवून कंबर हलवली. टाळ्या पडल्या, वन्स मोअर झाला, आणि मी दुसऱ्यांदा रडले. म्हणजे स्पीकरवर. खुर्चीवर मी दगडासारखी बसून होते.

पुढे तो मोठा झाला. काळा शर्ट, काळा गॉगल, हातात पांढरा रुमाल. शेवटच्या कडव्यात तो रुमाल डोळ्यांना लावतो आणि गर्दीत भिरकावतो, आणि प्रेमात आपटलेली पोरं त्या रुमालासाठी एकमेकांच्या कॉलरी धरतात. सलूनच्या उद्घाटनाला तो, नवरात्रात तो, जत्रेत तो. पुसदला बंगला झाला. एका निवडणुकीत माझ्या रडण्याच्या चालीवर एका उमेदवाराचं चिन्ह गावोगाव फिरलं. उमेदवार पडला, तेवढंच मला समाधान.

मंचावर तो गाण्याआधी भाषण करतो. "हे माह्या बहिणीचं दुःख हाय," म्हणतो, आणि गळा दाटून आणतो. बहीण नांदली नाही, बहिणीचे हाल झाले, असं सुचवतो. वणीच्या जत्रेत हे भाषण माझ्या सासरगावच्या लोकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला पारावर एकानं बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही मास्तरीणबाईला मारता काय. माझा नवरा असा की घरात पाल निघाली तर मला हाक मारतो. तो घरी आला, चपला काढल्या आणि म्हणाला, "तुह्या भावाले सांगजो, माह्यंही एक गाणं कर म्हणा."

नवरा हसून मोकळा झाला. माझा रागही मी गिळला असता. पण याडीचं तसं नव्हतं.

त्या गाण्यातली आई निर्दय आहे. मुलीला म्हशीसारखं विकते आणि तोंड फिरवते, आणि तिचं म्हणणं काय ते कुणीच विचारत नाही. आधी तांड्यात कुजबुज झाली, मग तांड्याबाहेर. पुसदला कापडाच्या दुकानात भावाच्या बायकोनं कौतुकानं ओळख करून दिली, की ह्या गायकाच्या आई. तिथं पातळं पाहत बसलेल्या एका बाईनं याडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "असं काहून केलं हो माय पोरीसोबत?" याडी पातळ न घेता उठली. त्यानंतर ती बंगल्यावर राहायला गेली नाही, तांड्यातच राहिली. लग्नाला जाणं बंद केलं. मुलीही शिकायला येईनाशा झाल्या, कारण आता शिकायचं काय होतं. नवरीनं गळ्यात पडायचं, डीजेवर माझं रडणं लागणार, कॅमेरावाला म्हणणार "हां, थोडं इकडं पाहा." ओठ हलवले की झालं.

मी सुट्टीत गेले तेव्हा याडी ओसरीवर एकटीच तुरी निवडत होती. मी बसले. मीही तुरी निवडायला लागले. मग सुपाकडेच पाहत म्हणाली, "म्या तुले उत्तर देल्लं होतं. थे कुठी गेलं?"

मी म्हटलं, "याडी, मले आठवत नाही."

"सगळ्या जगानं तुयं आयकलं. माह्यं कोनी आयकलं नाही. तुलेबी आठवत नाही."

"मंग आता सांग. काय म्हनलं होतं?"

"मांडवातलं घरात बोलत नाही," ती म्हणाली, आणि सूप पाखडायला लागली. मी दोन-तीनदा विचारलं. नंतर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठलेच. ज्या नियमावर माझ्या भावानं थुंकून बंगला बांधला, तो नियम ही म्हातारी एकटी पाळत होती, आणि त्याची झळ मला लागत होती. मला तिचाही राग आला, हे सांगून टाकते.

तिथून मी सरळ पुसदला भावाकडे गेले. तो हॉलमध्ये सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेला. मी म्हटलं, याडीचं उत्तर दे. तो म्हणाला, कार्ड केव्हाच खराब झालं, स्टुडिओत जेवढं कापून ठेवलं तेवढंच राहिलं. कापलं कशाला, असं विचारलं तर त्यानं मला लहान पोरीला समजावतात तसं समजावलं.

"साडेतीन मिनटात थे कुठी बसते, बाई? आन् पब्लिकले उत्तर नाही लागत. पब्लिकले रडनं लागते."

"मंग गानं काढून टाक."

"आता माह्या हातात राह्यलं का थे? लोकायचं झालं."

चोर तो चोर, आणि वर शिरजोर. लोकांचं झालं म्हणे. बंगला मात्र लोकांचा झाला नव्हता.

मी निघणार एवढ्यात अमरावतीकडचे कुणी प्राध्यापक आले. ते रडक्या गाण्यांवर अभ्यास करत होते, आणि भाऊ त्यांना फार थोर वाटत होता. त्यांनी सांगितलं की तिकडे तुर्कस्तानात अशाच गाण्यांचा मोठा प्रकार आहे, त्याला अरबेस्क म्हणतात. खेड्यापाड्यांतून शहरात मजुरीला आलेल्या लोकांचं ते गाणं. शिकल्या-सवरलेल्यांनी नाकं मुरडली, सरकारी रेडिओनं वर्षानुवर्षं दारात उभं केलं नाही, पण खेपा मारणाऱ्या गाड्यांत, चहाच्या टपऱ्यांवर, लग्नांत तेच. त्यातल्या एका लोकप्रिय गायकाचा व्हिडिओ त्यांनी लॅपटॉपवर लावला. गरीब घरचा, लग्नांत गाऊन पुढे आलेला, मग कॅसेट, मग सिनेमे, मग त्याच्यासाठी वेडे झालेले लोक, असं सगळं आयुष्य त्यांनी सांगितलं. पडद्यावर एक जाड मिशांचा माणूस डोळे मिटून गात होता आणि समोरची माणसं हुंदके देत होती.

भाऊ वितळला. "सर, हे तर मीच हाय," म्हणाला. पुढच्या महिन्यात त्यानं मिशा ठेवल्या, आणि त्याच्या नव्या गाण्यांच्या चाली अचानक वळणं घ्यायला लागल्या, त्या कुठून येत होत्या हे मला तरी ठाऊक होतं.

मी परत आल्यावर शाळेच्या मधल्या सुट्टीत तो मिशावाला माझ्या फोनवर पुन्हा लावला. एक शब्द कळत नव्हता. तरी मध्ये एके ठिकाणी त्याचा आवाज वर जाऊन मोडला, आणि तेवढंच मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तो मोडण्याचा सूर मला ओळखीचा वाटला. असा सूर बाप्यांना आपोआप येत नाही, कुणीतरी बाई आधी तसं मोडलेली असते. मला त्या माणसाविषयी काही माहीत नाही, उगाच आळ घेत नाही. पण मी व्हिडिओ संपेपर्यंत एवढाच विचार करत होते की याला बहीण असेल काय, आणि ती हे कुठं बसून ऐकत असेल.

मग यंदा भावाच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. माझ्या लग्नात ती रांगत होती. याडी येणार की नाही हा प्रश्न होता, पण नातीचं लग्न, ती हो म्हणाली. ती हो म्हणाली आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. मांडवातलं घरात बोलत नाही. पण मांडव तर आता आपल्याच घरचा पडत होता. आमच्याकडे माहेरी आलेली लेकही मांडवात जुन्या बायांच्या गळ्यात पडून रडू शकते, त्याला कुणाची ना नाही. मी याडीच्या गळ्यात पडणार होते, तेच गाणार होते, आणि तिला उत्तर द्यावं लागणार होतं. याडीचं वय झालंय. घरात मांडव पुन्हा कधी पडेल आणि तेव्हा ती असेल की नाही, याचा भरवसा नव्हता.

मी भावाला फोन करून एकच मागितलं. पाठवणीच्या वेळी डीजे थोडा वेळ बंद ठेव. तो म्हणाला, "हाव बाई, तू म्हनशीन तसं."

लग्न पुसदच्या मोठ्या लॉनवर. बैलावर उभं राहून, दोन्ही हात वर करून नवरीनं माहेराला हाक द्यायची आमची जुनी रीत. त्यासाठी एक बैल टेम्पोत घालून आणला होता, शिंगांना चमकी लावून. त्याच्याभोवती ड्रोन फिरत होता आणि तो बैल बिचारा डोळे पांढरे करून त्याच्याकडे पाहत होता. माणसांपेक्षा त्याचीच मला जास्त काळजी वाटली. जेवणाच्या पंक्तीतून लोक भावासोबत फोटो काढत होते, आणि भाऊ मुलीच्या लग्नात काळा गॉगल लावून फिरत होता.

पाठवणीची वेळ आली. बाया गोळा झाल्या. नात आजीकडे गेली, तिच्या गळ्यात हात टाकले, आणि डीजे गरजला. माझंच रडणं, लॉनभर, खुर्च्या थरथरतील इतकं. नात ओठ हलवत होती. तिचा दोष नाही, तिला दुसरं कुणी शिकवलंच नव्हतं. "म्हैस विकायची तरी" अशी ओळ आली तेव्हा दोनशे माणसं सोबत गायली. याडी नातीला धरून उभी होती. तिचं तोंड उघडलं. ती उत्तर देत होती. तिचा जबडा हलताना मला दिसत होता आणि आवाज एवढासाही येत नव्हता.

मी चालत गेले आणि डीजेच्या मागच्या बाजूची जाड वायर धरून उपटली. एवढं साधं होतं ते. इतकी वर्षं मी कशाची वाट पाहत होते, काय माहीत.

एकदम जनरेटरची घरघर तेवढी उरली. कुणीतरी ओरडलं. मी परत आले, नातीला हळूच बाजूला केलं, आणि याडीच्या गळ्यात पडले. चाळिशी ओलांडलेली बाई, केस पिकायला लागलेले, पदराला शाळेची पिन. सूर धरायला गेले तर पहिल्यांदा घोगरा निघाला. "पोटातून काढ," याडी माझ्या खांद्यावर पुटपुटली. मग निघाला. सगळं म्हटलं. मांडी, उंबरठा, म्हैस, पाऊस. म्हाताऱ्या बायांनी हुंकार दिला, जसा द्यायचा असतो तसा, आणि आजूबाजूच्या तरुण मुली मोबाइल खाली करून पाहत राहिल्या.

माझं झालं. याडीनं श्वास घेतला आणि पहिली ओळ उचलली. म्हातारा आवाज, पण सूर जिथं लागायचा तिथं लागला. तेवढ्यात मला भाऊ दिसला. गॉगल कपाळावर चढवलेला, हातात मोबाइल, गर्दीतून वाट काढत तो आमच्याकडे धावत येत होता. "थांब याडी, थांब, पुन्हा घे," असं म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी नाकारत नाही. हातात मोबाइल होता, हेही नाकारत नाही.

याडीनं त्याला पाहिलं. तिचा सूर थांबला. मला वाटलं, संपलं. आता ही मिटून घेईल आणि सगळं हिच्यासोबत जाईल.

तिनं आपली ओढणी दोघींच्या डोक्यांवरून ओढून घेतली. आतमध्ये उकडत होतं, तिच्या तोंडाला सुपारीचा वास येत होता. माझ्या कानाला ओठ लावून तिनं उरलेलं सगळं उत्तर, सुरात, इतक्या बारीक आवाजात म्हटलं की माझ्या दुसऱ्या कानालासुद्धा कळलं नसेल. शेवटची ओळ झाली तशी तिनं हात सैल केले. ओढणी काढली तेव्हा भाऊ वीतभर अंतरावर मोबाइल धरून उभा होता.

त्याच्या मोबाइलमध्ये जनरेटर आला. दोन बायका ओढणीखाली, आणि जनरेटर. तरी त्यानं ते टाकलंच, खाली आपलं जुनं गाणं लावून. लोक पाहतायत म्हणे.

त्यानंतर त्याचे फोन सुरू झाले. याडी काय म्हणाली? मी म्हटलं, मांडवातलं फोनवर बोलत नाही. मग म्हणाला, सांग, नवीन गाणं करतो, तुझं नाव टाकतो, तुझा फोटो टाकतो. मग चिडला. मग एकदा खरंच रडला, फोनवर, रुमालाशिवाय, आणि म्हणाला, "माहीबी माय हाय ना थे." असेल. त्याच्याकडे ते उत्तर अख्खं होतं, कार्डात, आणि त्यानं ते स्वतःच्या हातानं कापलं. मी सांगितलं नाही. तुम्हालाही सांगत नाही. इथवर वाचलं म्हणून तुमचा त्यावर हक्क होत नाही.

याडीच्या ओसरीवर परवा एक मुलगी शिकायला आली, त्या लॉनवर मोबाइल खाली करून उभी राहिलेल्यांपैकी एक. याडीनं तिला आधी तुरी निवडायला बसवलं आहे.

माझ्या लग्नात भावासाठी म्हणून शिकलेल्या ओळी मला अजून तोंडपाठ आहेत. त्यांतली एकही मी कमी केलेली नाही, उलट या वर्षांत भरच पडली आहे. त्याची धाकटी अजून लग्नाची आहे. त्या मांडवात मी येणार, त्याच्या गळ्यात पडणार, आणि उत्तर मिळाल्याशिवाय सोडणार नाही. त्या दिवशी त्यानं हात मोकळे ठेवावेत.